काचेची जखम : टाके घातले म्हणजे संपले का?

आपल्या वस्त्यांत काच लागणे ही नवलाची गोष्ट नाही. कचरा वेचणाऱ्या ताईच्या बोटात फुटलेली बाटली घुसते. सफाई कामगार दादा पिशवी उचलतो आणि आतली ट्यूबलाईटची काच मांडीला कापते. धुणीभांडी करणारी बाई साबणाच्या पाण्यात हात घालते आणि फुटका ग्लास तळहात फाडतो. मुले अनवाणी नाल्याकडे खेळायला जातात, तेव्हा काच तळपायात शिरते. पुण्यातील कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली, तेव्हा तिच्या नावातच काच आली : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ज्यांची भाकरी काचेवर आहे, त्यांच्या हातांनाच काच सर्वांत जास्त लागते.

जखम झाली की आपण धावपळ करून दवाखाना गाठतो. डॉक्टर टाके घालतात, इंजेक्शन देतात, "तीन दिवसांनी दाखवा" म्हणतात. बरेच जण तीन दिवसांनी जातच नाहीत. दुखणे कमी झालेले असते, रोज बुडवणे परवडत नाही, आणि टाके काय, शेजारचा कंपाउंडरही काढून देतो. केस पेपर घरात कुठेतरी पडतो किंवा पावसात भिजतो. मग दोन महिन्यांनी बोट वळत नाही, किंवा नुकसानभरपाईसाठी कागद मागितला जातो, तेव्हा हात आणि कागद दोन्ही वेळेवर सांभाळायला हवे होते असे लक्षात येते.

म्हणून या वेळी आम्ही दोन गोष्टी एकत्र सांगणार आहोत. टाक्यांनंतर जखमेकडे कसे बघायचे, आणि त्या जखमेची कागदावर नोंद कशी होते. रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजी अक्षर आणि आकडे असलेला जो कोड असतो, तो काय सांगतो हेही समजून घेऊ.

काचेची जखम वेगळी का

दगड लागला, दारात बोट सापडले, तर जखम पसरट होते, सूज येते, जागा काळीनिळी पडते. काच तसे करत नाही. ती चाकूसारखी सरळ आत जाते. वरून अर्ध्या इंचाची चीर दिसते, रक्तही थोड्या वेळात थांबते, पण आत काय कापले गेले आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

हाताच्या पंजात आणि बोटांत चामडीखाली फार थोडे मांस असते. लगेच खाली कंडरा, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात. आपण बोलताना या तिन्हींना "नस" म्हणतो, पण त्यांचे काम वेगवेगळे आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी दोरी. ती ओढली गेली की बोट वळते. मज्जातंतू गरम-गार, टोचणे, स्पर्श हे सगळे कळवतो. रक्तवाहिनीतून रक्त वाहते. रक्तवाहिनी कापली तर रक्त दिसते म्हणून आपण घाबरतो. कंडरा किंवा मज्जातंतू कापला तर तितकेसे काही दिसत नाही, आणि तीच जखम पुढे हात अधू करते.

दुसरी गोष्ट म्हणजे काच फुटते. एक तुकडा बाहेर काढला तरी दुसरा बारीक तुकडा आत राहू शकतो. वरची चामडी जुळून येते आणि तुकडा आत टोचत राहतो.

पहिला तास

रक्त येत असेल तर स्वच्छ धुतलेले फडके जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा. सलग दहा मिनिटे दाबून धरा. थांबले का हे बघायला दर मिनिटाला फडके उचलू नका, कारण त्याने धरलेली गुठळी निघते. हात किंवा पाय छातीपेक्षा वर धरा. हातात अंगठी, बांगड्या असतील तर सूज येण्याआधी काढा.

मोठा तुकडा रुतून बसला असेल तर उपटू नका. तोच रक्तवाहिनीला बूच लावून बसलेला असू शकतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी फडक्याच्या वळ्या ठेवा, वरून हलके बांधा आणि तसेच दवाखान्यात न्या. रक्त उसळून येत असेल किंवा पंधरा-वीस मिनिटे दाबूनही थांबत नसेल, तर १०८ ला फोन करा.

रक्त थांबले आणि जखम लहान असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चांगली धुवा. नळाचे पिण्याचे पाणी चालते. हळद, चुना, तंबाखू, राख, कॉफी पावडर यांतले काहीही भरू नका. कॅप्सूल फोडून तिची पूड जखमेत टाकण्याची सवयही आपल्याकडे आहे, तीही सोडा. त्याने जखम बरी होत नाही. उलट आत घाण जाते आणि डॉक्टरांना तळ दिसत नाही.

बोटाचा तुकडाच तुटला असेल तर तो ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही.

दवाखान्यात चार गोष्टी विचारा

डॉक्टरांना विचारायला आपल्याला संकोच वाटतो. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात. तरी पुढच्या चार गोष्टी शांतपणे, आदराने विचारायच्या. त्यात काही चुकीचे नाही.

पहिली : "डॉक्टर, सुन्न करायच्या आधी बोट तपासता का?" सुन्न करायचे इंजेक्शन दिले की स्पर्श कळतो की नाही हे समजत नाही. म्हणून त्याआधी बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का आणि बोटाचे प्रत्येक पेर वेगळे वळते का, हे बघायला हवे. कंडरा अर्धी कापली असेल तर बोट वळते, पण जोर लावला की दुखते. अशी अर्धवट कापलेली कंडरा चार दिवसांनी बादली उचलताना पूर्ण तुटू शकते.

दुसरी : "आत काच राहिली आहे का? एक्स-रे काढायचा का?" एक्स-रेत काच दिसत नाही असा समज आहे. तो चुकीचा आहे. साधारण दोन मिलिमीटरपेक्षा मोठा काचेचा तुकडा बहुतेक वेळा एक्स-रेत दिसतो, मग ती बाटलीची काच असो की खिडकीची. फोटो दोन बाजूंनी काढला तर तुकडा किती खोल आहे तेही समजते. लाकडाची फांस आणि प्लास्टिक मात्र एक्स-रेत सहसा दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी लागते.

तिसरी : "धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का?" प्रत्येक जखमेला टीटी घ्यावेच लागते असे नाही. लहानपणापासूनचे डोस पूर्ण झाले असतील आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे झाली नसतील, तर गरज नसते. जखम मातीची, गटाराची, कचऱ्याची असेल आणि पाच वर्षे उलटून गेली असतील, तर डोस घ्यायचा. जखम स्वच्छ आणि लहान असेल तर ही मुदत दहा वर्षांची. ज्यांचे डोस कधी झालेच नाहीत किंवा आठवत नाहीत, त्यांना घाणेरड्या जखमेसाठी वेगळे तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते आणि पुढचे डोस पूर्ण करावे लागतात. आता सरकारी लसीकरणात टीटीच्या जागी टीडी ही लस आहे. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. डोसाची तारीख कागदावर लिहून घ्या.

चौथी : "परत कधी यायचे, आणि टाके कधी काढायचे?" ही तारीख केस पेपरवर लिहून घ्यायची. तोंडी सांगितलेली तारीख विसरली जाते.

आणखी एक गोष्ट कचरा वेचणाऱ्या आणि दवाखान्याचा कचरा उचलणाऱ्यांसाठी. काचेवर दुसऱ्याचे रक्त असेल, इंजेक्शनची बाटली किंवा सुई त्यात असेल, तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. एचआयव्ही होऊ नये म्हणूनची औषधे जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली. ७२ तास उलटल्यावर ती देत नाहीत. ती सरकारी रुग्णालयात मिळतात. कावीळ बी ची लसही अशा वेळी विचारून घ्या. हे काम रोजचे असेल तर ती लस आधीच घेऊन ठेवणे उत्तम.

टाक्यांनंतरचे दिवस

पहिले एक-दोन दिवस ड्रेसिंग कोरडे ठेवायचे. हात गळ्यात झोळीत ठेवा, झोपताना उशीवर ठेवा. हात खाली लोंबत राहिला की सूज वाढते आणि ठणका लागतो.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीची फेरी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या दिवशी दुखण्यामुळे आणि भीतीमुळे बोट नीट हलवता येत नाही, त्यामुळे कंडरा कापली आहे की नाही हे निसटू शकते. दोन दिवसांनी दुखणे कमी होते आणि तपासणी नीट होते. कापलेली कंडरा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात जोडली तर काम सोपे जाते. त्यानंतर तिची टोके आखडून मागे सरकतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून "दुखत नाही, मग कशाला जायचे" असे म्हणू नका. खरी तपासणी दुखत नसतानाच होते.

टाके काढायचे दिवस जागेप्रमाणे बदलतात. चेहऱ्याचे तीन ते पाच दिवसांत, डोक्याचे आणि हाताचे सात ते दहा दिवसांत, सांध्यावरचे आणि तळपायाचे दहा ते चौदा दिवसांत. लवकर काढले तर जखम उकलते, फार उशिरा काढले तर टाक्यांचे व्रण राहतात. टाके काढून घेण्यासाठी जिथे घातले तिथेच जावे. ते जमत नसेल तर जवळचा महानगरपालिकेचा दवाखाना, आपला दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, पण जुना कागद सोबत न्या.

प्रतिजैविक गोळ्या प्रत्येक जखमेला लागत नाहीत. डॉक्टरांनी दिल्या असतील तर सांगितले तितके दिवस पूर्ण घ्या. दिल्या नसतील तर मेडिकलमधून स्वतः आणू नका.

कधी लगेच परत जायचे

टाके काढायची तारीख लांब असली तरी पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी जा.

दुसऱ्या दिवसानंतर ठणका कमी होण्याऐवजी वाढू लागला. जखमेभोवती लाली, गरमपणा, पू, वास. ताप. जखमेपासून वर जाणारी लाल रेघ, किंवा काखेत अथवा जांघेत गाठ. बोट सुन्न वाटते, किंवा वळत नाही. टाके निघून आठवडे झाले तरी एका ठिकाणी टोचते, चिघळते, बरे होऊन परत फुटते. असे झाले तर आत काच राहिली असे समजावे.

एक खूण मात्र विशेष लक्षात ठेवा. सबंध बोट फुगले आहे, ते अर्धे वाकवूनच ठेवावे लागते, कुणी सरळ करायला गेले की जीव जातो, आणि बोटाच्या आतल्या बाजूला सगळीकडे दाबले की दुखते. याचा अर्थ कंडरेच्या नळीत पू झाला आहे. हे उद्यावर ढकलायचे काम नाही. रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा.

मधुमेह असलेल्यांना पायात काच गेलेली कधी कधी कळतच नाही, कारण पाय बधिर झालेले असतात. अशा माणसांचे तळवे घरच्यांनी रोज रात्री उजेडात बघावेत.

हात पुन्हा कामाला लावताना

साधी जखम असेल तर डॉक्टरांना विचारून बोटे लवकर हलवायला सुरुवात करा. घाबरून हात महिनाभर बांधून ठेवला तर सांधे आखडतात. कंडरा जोडली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कित्येक आठवडे पट्टी असते, फिजिओथेरपीत शिकवलेला व्यायामच करायचा असतो, आणि जड उचलणे साधारण तीन महिने टाळायचे असते. टाके सुकले म्हणून तिसऱ्या आठवड्यात हंडा उचलला आणि जोडलेली कंडरा तुटली, तर केलेली शस्त्रक्रिया वाया जाते.

घरातल्यांना आमचे सांगणे असे की, हात बांधलेल्या बाईने एका हाताने भाकरी थापाव्यात अशी वेळ येऊ देऊ नका. तिच्या वाट्याचे पाणी, भांडी, धुणे त्या आठवड्यांत घरातल्या दादांनी, मुलांनी वाटून घ्यावे. तोही उपचाराचाच भाग आहे.

कागदावरचा कोड म्हणजे काय

आता दुसरा भाग. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा विम्याच्या फॉर्मवर "एस ६१" किंवा "डब्ल्यू २५" असे काही लिहिलेले दिसते. हे आजार आणि इजा ओळखण्यासाठी ठरवलेले जागतिक आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटना ही यादी ठेवते. तिचे मूळ १८९३ च्या मृत्यूंच्या कारणांच्या यादीत आहे. संघटनेने ते काम १९४८ साली हाती घेतले. सध्या आपल्याकडे प्रचलित असलेली दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली असून देश हळूहळू तिच्याकडे वळत आहेत.

इजेला दोन कोड लागतात. एक सांगतो काय जखमी झाले, दुसरा सांगतो कशाने.

काय जखमी झाले : मनगट आणि पंजाची उघडी जखम एस ६१. त्याच भागातला मज्जातंतू कापला तर एस ६४, रक्तवाहिनी कापली तर एस ६५, स्नायू किंवा कंडरा कापली तर एस ६६. घोटा आणि पावलाची उघडी जखम एस ९१.

कशाने : धारदार काच लागली तर डब्ल्यू २५. त्यापुढे एक आकडा जागेचा असतो. घरी शून्य, रस्त्यावर चार, दुकान-व्यवसायाच्या जागी पाच, कारखाना किंवा बांधकामावर सहा. आणखी एक आकडा लावण्याची सोय आहे, तो त्या वेळी माणूस काय करत होता हे सांगतो. त्यात मजुरीसाठी काम करताना म्हणजे दोन.

पुढच्या फेऱ्यांचीही नोंद आहे. ड्रेसिंग आणि टाक्यांसाठी आल्यास झेड ४८.०. जखमेत संसर्ग झाला तर टी ७९.३. मऊ भागात जुना तुकडा राहिला असेल तर एम ७९.५. कंडरेच्या इजेमुळे हातात कायमचे व्यंग राहिले तर टी ९२.५, आणि ते जुन्या अपघातामुळे आहे हे सांगण्यासाठी वाय ८६.

मेडिकल कोडिंगची नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या मुलामुलींसाठी एक टीप. अमेरिकेतील रुग्णालयांच्या कामात हीच यादी थोडी बदललेली आहे. तिथे इजेच्या कोडच्या शेवटी एक अक्षर लागते. उपचार चालू असताना ए, बरे होतानाच्या नेहमीच्या फेरीला डी, आणि मागे राहिलेल्या दोषासाठी एस. म्हणून तिथे टाके काढायला आलेल्या रुग्णाला झेड कोड लावत नाहीत. मूळ जखमेचाच कोड डी लावून वापरतात. ए म्हणजे "पहिली भेट" असे अनेक जण समजतात, पण दुसऱ्या भेटीतही शस्त्रक्रियेसारखा उपचार चालू असेल तर ए च राहतो.

एक उदाहरण

समजा, ठेकेदाराकडे सफाईचे काम करणाऱ्या एका ताईच्या डाव्या तर्जनीला कचऱ्यातल्या बाटलीने कापले. ती रुग्णालयात भरती झाली, कंडरा जोडली गेली. पण घाईत कागदावर "हाताला जखम, टाके घातले" इतकेच लिहिले गेले.

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात कोड लावणारा माणूस ताईला बघत नाही. तो फक्त कागद वाचतो. कागदावर काच नाही, म्हणून डब्ल्यू २५ लागत नाही. कारण अज्ञात असा कोड पडतो. कंडरा नाही, म्हणून एस ६६ नाही. तर्जनी नाही, डावा हात नाही, काम करताना झाले हेही नाही. कागदाच्या दृष्टीने ही एक किरकोळ जखम झाली. सहा महिन्यांनी बोट वळत नाही म्हणून ती भरपाई मागायला गेली, तर समोरचा विचारणार : हे व्यंग त्याच जखमेचे कशावरून?

आता तोच कागद असा असता : "डाव्या तर्जनीच्या तळाशी काचेने कापलेली जखम, कंडरा तुटलेली, कामावर कचरा उचलताना, अमुक तारीख, अमुक वेळ." एकच ओळ. पण तिच्यावरून सगळे कोड बरोबर लागतात आणि पुढचे प्रश्न उरत नाहीत.

कोड आपण लावायचा नसतो. पण त्या ओळीतली माहिती आपणच द्यायची असते. म्हणून दवाखान्यात पाच गोष्टी स्पष्ट सांगा : काय लागले, शरीराच्या कोणत्या बाजूला, कुठे, काय करत असताना, आणि केव्हा. मग वाचता येणाऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन कागद तपासा. चूक असेल तर घरी जाण्याआधी नम्रपणे सांगून दुरुस्त करून घ्या.

हा कागद कुठे कामाला येतो

कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो ठेवला आहे. ठेकेदाराचा कामगार असला तरी ज्याच्या कामासाठी ठेका दिला त्या मुख्य मालकावरही जबाबदारी येते. मालकाला लवकर लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करा. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के, सबंध तर्जनी गेली तर १४ टक्के कमी झाली असे धरले होते. म्हणजे "बोट" असे मोघम लिहिणे आणि "तर्जनी" असे नेमके लिहिणे यात भरपाईचा फरक पडू शकतो.

ईएसआयचे कार्ड असेल तर कामावरच्या इजेने काम बंद राहिलेल्या दिवसांचा भत्ता मिळतो. तो सरासरी रोजच्या सुमारे ९० टक्के असतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला आणि पुढे १९४८ मध्ये ईएसआयचा कायदा झाला. तो हक्क कार्डाच्या रूपाने खिशात असेल तर वापरायला हवा.

स्वतःच्या जिवावर कचरा वेचणाऱ्या ताईंना मालकच नसतो, म्हणून भरपाईचा हा रस्ता त्यांना सहसा मिळत नाही. त्यांनी भरती व्हावे लागले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, हेही माहीत असू द्या.

खासगी विमा असेल तर दाव्याच्या फॉर्मचा एक भाग रुग्णालय भरते. त्यात निदानाचा कोड, इजा कशामुळे झाली, दारूच्या अमलाखाली झाली का, पोलिसांना कळवले का, असे रकाने असतात. रुग्णालयाने भरलेले हे रकाने एकदा नजरेखालून घाला.

मारहाणीची जखम असेल तर

बाटली फोडून कुणी मारली असेल तर "पडलो, काच लागली" असे सांगू नका. अपघाताचा कोड वेगळा आणि धारदार वस्तूने केलेल्या हल्ल्याचा कोड वेगळा, एक्स ९९. डॉक्टरांना मारहाण सांगितली की ते पोलीस केस म्हणून नोंद करतात आणि जखमेचे माप, जागा, खोली लिहितात. जातीवरून झालेल्या हल्ल्यात १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा उभा राहताना आणि शासनाची मदत मिळताना हा वैद्यकीय अहवाल महत्त्वाचा पुरावा ठरतो. पहिल्या दिवशी अपघात सांगितला आणि नंतर हल्ला म्हटले, तर समोरच्या वकिलाला तेवढेच पुरते.

बायकांच्या मनगटावर बांगड्या फुटून जखमा होतात. काही वेळा त्या काम करताना होतात, काही वेळा हात पिरगाळल्यामुळे. दुसरे असेल तर आणि सोबत आलेल्या माणसासमोर बोलता येत नसेल, तर नर्सला एकटीने बोलायचे आहे असे सांगा. महिलांसाठी १८१ हा फोन आहे. एखाद्याने स्वतःच काचेने कापून घेतले असेल तर त्याला लाजवू नका, रागावू नका. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येते.

काय जपून ठेवायचे

एक प्लास्टिकची पिशवी किंवा फाईल करा. तिच्यात केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि त्याचा अहवाल, औषधांची बिले, प्रत्येक फेरीचा कागद, आणि कामावर गेला नाहीत त्या दिवसांची यादी ठेवा. मोबाईलमध्ये सगळ्याचे फोटो काढा. जखमेचा फोटोही पहिल्या दिवशी, टाके काढल्यावर आणि तीन महिन्यांनी काढा. भरती असलेल्या रुग्णाची कागदपत्रे मागितल्यास ७२ तासांत द्यावीत, आणि ती तीन वर्षे जपून ठेवावीत, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे. त्यामुळे कागद हरवला तर लेखी अर्ज करून प्रत मागा, पण उशीर करू नका.

वस्तीसाठी तीन कामे आम्ही सुचवतो. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहून वेगळी द्या. ती उचलणारा हात आपल्याच कुणाचा तरी असतो. विहारात एका डब्यात स्वच्छ पट्ट्या, गॉज आणि हातमोजे ठेवा, आणि वापरले की भरून ठेवायची जबाबदारी एकावर द्या. आणि विहारात येणाऱ्या शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार लोकांचे दवाखान्याचे कागद वाचून समजावून द्यायला द्यावा. काय लिहिले आहे, काय राहिले आहे, पुढची तारीख कोणती, एवढे सांगितले तरी पुरे.

हे पान कापून त्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले तरी चालेल. ज्या घरात आता कुणाच्या हाताला टाके आहेत, त्यांनी मात्र आधी उठून केस पेपरवरची तारीख बघावी.